सांगणं, सोंग आणि गाणं: साहित्याचे तीन प्रकार नेमके पाडले कोणी?

दोन वर्षांपूर्वी आमच्या गावच्या वाचनालयात पुस्तकांना नव्या चिठ्ठ्या लावायचं काम निघालं. जुन्यांपैकी निम्म्या कसरीने खाल्ल्या होत्या, उरलेल्यांवरची शाई उडाली होती. रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण डिंकाची बाटली आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बसायचो. काम तसं डोकं न लागणारं. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ मध्ये सुरू केलेल्या पद्धतीत मराठी साहित्याचा आकडा आहे ८९१.४६. त्यापुढे १ लिहिला की कविता, २ लिहिला की नाटक, ३ लिहिला की कथा-कादंबरी. दीड तास सगळं झरझर चाललं आणि मग हातात ज्ञानेश्वरी आली.

नऊ हजारांवर ओव्या, म्हणजे कविता, असं एकजण म्हणाला. दुसरी म्हणाली, अहो गीतेवरची टीका आहे ती, तिची जागा धर्माच्या २९४ मध्ये. आणि आमच्यातला सगळ्यात लहान, बारावीतला मुलगा, डिंकाचं बोट पँटला पुसत म्हणाला, "पण त्यात कृष्ण आणि अर्जुन बोलतात ना एकमेकांशी? मग नाटक का नाही?" आम्ही हसलो. घरी येताना मात्र जाणवलं की त्या पोराने विचारलेला प्रश्न, 'यात बोलतंय कोण?', हा पाश्चात्त्य साहित्यशास्त्रातला साहित्यप्रकारांबद्दलचा बहुधा पहिला नीट मांडलेला प्रश्न आहे. तो मांडला प्लेटोने, सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी.

इथे एक कबुली देऊन टाकतो. एम.ए.च्या पेपरात मी लिहिलं होतं की ॲरिस्टॉटलने साहित्याचे महाकाव्य, भावकाव्य आणि नाटक असे तीन मूळ प्रकार सांगितले. त्या उत्तराला मला चांगले मार्कही पडले. हे विधान कितीतरी पुस्तकांतून, गाइडांतून आणि व्याख्यानांतून फिरत असतं. ते चूक आहे. ॲरिस्टॉटलने असं कुठेही म्हटलेलं नाही. १९७९ मध्ये जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने एका छोट्याशा पुस्तकात हा गैरसमज उलगडून दाखवला. अडीच हजार वर्षांची म्हणून मिरवणारी ही त्रयी प्रत्यक्षात किती अलीकडची आहे आणि ती ग्रीकांच्या गळ्यात कशी पडली, याचा त्याने माग काढला. त्या वाटेनेच जरा फिरून येऊ, कारण तिच्यावर अशा बऱ्याच गोष्टी भेटतात ज्यांच्यामुळे 'साहित्यप्रकार' हा रुक्ष शब्द एकदम जिवंत होतो.

सुरुवात प्लेटोपासून. 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात सॉक्रेटिस अदेमान्तसला होमरच्या इलियड या महाकाव्याची सुरुवात आठवायला सांगतो. ट्रॉयचा वेढा चालू आहे. अपोलोचा म्हातारा पुजारी क्रायसीस आपल्या पळवून नेलेल्या मुलीला सोडवायला ग्रीकांच्या छावणीत येतो. हातात सोन्याचा दंड, दंडावर देवाच्या पट्ट्या, बरोबर खंडणीचा ऐवज. इथपर्यंत होमर स्वतः सांगतोय. मग पुजारी बोलायला लागतो आणि होमर पडद्याआड जातो. आता आपल्याला ऐकू येतो तो म्हातारा बाप. त्याच्यावर अगमेम्नन खेकसतो, की थेरड्या, पुन्हा या जहाजांपाशी दिसलास तर देवाचा हा दंडसुद्धा तुला वाचवणार नाही. इथेही होमर नाही, अगमेम्ननच आहे.

आता सॉक्रेटिस एक गंमत करतो. मी काही कवी नाही, म्हणून छंद सोडून सांगतो, असं म्हणत तो हाच प्रसंग पुन्हा सांगतो: पुजारी आला, त्याने ग्रीकांना यश चिंतलं, मुलीला सोडा म्हणून विनवलं, बाकीच्यांना ते पटलं, पण अगमेम्नन चिडला आणि त्याने त्याला निघून जायला फर्मावलं. प्रसंग तोच, माणसं तीच. फक्त आता कोणी दुसऱ्याच्या तोंडाने बोलत नाही. यावरून तो तीन तऱ्हा काढतो. कवी स्वतःच्या तोंडाने सांगतो ती एक; ग्रीकांच्या डिथिरॅम्ब नावाच्या समूहगीतांत बहुतेक हे असायचं. कवी पूर्णपणे दुसऱ्यांच्या तोंडाने बोलतो ती दुसरी, म्हणजे नाटक. आणि दोन्हींची सरमिसळ ती तिसरी, म्हणजे होमरचं महाकाव्य.

हे आपल्याला समजायला अजिबात अवघड जाऊ नये, कारण आपण कीर्तन ऐकलेलं आहे. बुवा उत्तररंगात द्रौपदीचं आख्यान लावतात. "दुःशासन भर सभेत आला" इथपर्यंत बुवा बुवाच असतात. मग उपरणं डोक्यावरून ओढतात, आवाज चिरका होतो आणि "धाव रे कृष्णा" अशी हाक येते, तेव्हा बुवा द्रौपदी झालेले असतात. प्लेटोच्या भाषेत पहिलं म्हणजे 'डायजेसिस', दुसरं 'मायमेसिस'. मी त्यांना सांगणं आणि सोंग म्हणतो. अनुकृती, अनुकरण हे शब्द पुस्तकात ठीक आहेत, पण प्लेटोच्या डोक्यात जी धास्ती होती ती 'सोंग' या शब्दातच नीट उतरते.

कारण प्लेटोला साहित्याचं वर्गीकरण करायचंच नव्हतं. तो आदर्श नगराच्या रक्षकांचं शिक्षण आखत होता, आणि रोज भित्र्याचं, दारुड्याचं, रडक्याचं सोंग घेणारा माणूस हळूहळू तसाच होतो, अशी त्याला भीती होती. म्हणून हवं ते सोंग घेऊ शकणारा कवी नगरात आलाच तर काय करायचं, तेही त्याने सांगून ठेवलं आहे: त्याला वंदन करा, डोक्यावर सुगंधी तेल ओता, लोकरीच्या पट्ट्या बांधा आणि दुसऱ्या गावी पाठवून द्या. इतक्या आदराने हाकलून देण्याची सोय दुसऱ्या कोणा सेन्सॉरने केल्याचं मला तरी माहीत नाही.

प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल. वीसेक वर्षं गुरूच्या अकादमीत राहिलेला, आणि गुरूशी न भांडता गुरूचं म्हणणं उलटं फिरवणारा. त्याचं 'पोएटिक्स' म्हणजे व्याख्यानाच्या टिपणांसारखं एक चिमुकलं पुस्तक आहे. त्यात त्याने दोन प्रश्न एकमेकांवर आडवे-उभे ठेवले. पहिला, कोणाचं चित्रण आहे: आपल्यापेक्षा थोर माणसांचं की हलक्या माणसांचं? दुसरा, कसं केलंय: सांगून की करून दाखवून? आता चार घरांची चौकट डोळ्यांपुढे आणा. थोर माणसं, करून दाखवलेली: ट्रॅजेडी. थोर माणसं, सांगितलेली: महाकाव्य. हलकी माणसं, करून दाखवलेली: कॉमेडी. आणि हलकी माणसं, सांगितलेली? या चौथ्या घरात ॲरिस्टॉटल थासोसच्या हेगेमॉनची विडंबनं ठेवतो आणि 'मार्गायटीस' नावाचं एका मूर्खावरचं हास्यकाव्य ठेवतो. ते होमरचंच आहे, अशी त्याची समजूत होती. आज त्याचे जेमतेम काही तुकडे उरले आहेत. ज्या भागात कॉमेडीचा विचार होता असं मानतात, तो 'पोएटिक्स'चा दुसरा भागही हरवला. त्यामुळे चौकटीची अर्धी बाजू ओसाड पडली आणि पुढची दोन हजार वर्षं युरोपने ट्रॅजेडी आणि महाकाव्य या दोनच घरांत संसार केला.

या चौकटीत भावकाव्य कुठे आहे? नाही. ग्रीक गीतकवयित्री सॅफो नाही. स्वतःच्या मनातलं स्वतःच्या आवाजात गाणाऱ्या कवीला 'पोएटिक्स'मध्ये घरच नाही. कारण ॲरिस्टॉटलच्या मते काव्य म्हणजे माणसांच्या कृतीची अनुकृती. कोणीतरी काहीतरी करायला हवं. आपल्या विरहाबद्दल गाणारी बाई काही 'करत' नाही. शिवाय ते गाणं लायर या तंतुवाद्यावर म्हणायचं. लिरिक हा शब्दच त्यावरून आला.

जाता जाता आपल्या एका शब्दाबद्दल. ट्रॅजेडीला आपण शोकांतिका म्हणतो. त्याआधी 'शोकपर्यवसायी नाटक' म्हणायचे. दोन्ही शब्द एकच सांगतात: शेवट दुःखाचा. मूळ ग्रीक शब्दात शोकही नाही आणि अंतही नाही; त्याचा शब्दशः अर्थ 'बोकडाचं गाणं' असा होतो आणि तो तसा का, यावर पंडितांचं अजून भांडण चालू आहे. ॲरिस्टॉटल एका प्रकरणात म्हणतो की सुखाकडून दुःखाकडे जाणारं कथानक उत्तम. लगेच पुढच्या प्रकरणात तो म्हणतो की सगळ्यात चांगली रचना म्हणजे अनर्थ घडणार इतक्यात ओळख पटते आणि तो टळतो ती. त्याचं उदाहरण म्हणजे ग्रीक नाटककार युरिपिडीसची इफिजेनिया. परक्या मुलखातल्या देवळाची ही पुजारीण तिथे आलेल्या परदेशी तरुणाला बळी देण्याच्या तयारीत आहे. तेवढ्यात कळतं की हा आपलाच भाऊ, आणि दोघं मिळून पळ काढतात. याला शोकांतिका कसं म्हणणार? पण अथेन्सच्या हिशोबात ती ट्रॅजेडीच. शेवटावरून प्रकार ठरवायची सवय नंतरची. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याचं नाव 'कॉमेडी' आहे ते याच मध्ययुगीन समजुतीमुळे: सुरुवात नरकात, शेवट स्वर्गात, आणि भाषा लॅटिन सोडून लोकांची. त्यात विनोद शोधायला जाऊ नये.

मग गाणं कुठे होतं? ते होतं अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात तिथल्या विद्वानांसमोर पपायरसच्या गुंडाळ्यांचे ढीग होते आणि प्रश्न आमच्या रविवारच्या सकाळीसारखाच होता: हे ठेवायचं कुठे? कॅलिमेकस या कवीने १२० गुंडाळ्यांची एक सूची केली. सूचीच एवढी, तर संग्रह केवढा असेल! याच शहरात नऊ गीतकवींची यादी ठरली. तीत सॅफो आणि पिंडर आले. पिंडरच्या कवितांचे १७ भाग पाडले ते कशावरून, तर गाणं कधी आणि कोणासाठी म्हणायचं यावरून. देवाची स्तोत्रं वेगळी, मृतांसाठीची विलापगीतं वेगळी, कुमारिकांनी म्हणायची वेगळी. खेळात जिंकलेल्यांची स्तुतिगीतं पुन्हा स्पर्धेप्रमाणे वेगळी: ऑलिम्पियाची एकीकडे, डेल्फीची दुसरीकडे. यात 'कवीच्या अंतर्मनाचा उद्गार' वगैरे काही नाही. आपल्याकडे पाळणा, ओवी, भूपाळी, आरती हे वेगवेगळे का, असं आजीला विचारलं असतं तर तिनेही वेळ आणि काम सांगितलं असतं.

मध्ययुगातली वर्गीकरणं मी भराभर ओलांडतो, पण एका चाकापाशी थांबायलाच हवं. तेराव्या शतकात जॉन ऑफ गार्लंड नावाच्या शिक्षकाने रोमन कवी व्हर्जिलच्या तीन काव्यांवरून शैलीचं एक चाक मांडलं. त्याचे तीन भाग: साधी शैली, मधली शैली, उंच शैली. साध्या शैलीत माणूस मेंढपाळ, जनावर मेंढी, हातात काठी, जागा कुरण, झाड बीच. मधल्या शैलीत शेतकरी, बैल, नांगर, शेत, फळझाड. उंच शैलीत योद्धा, घोडा, तलवार, नगर किंवा छावणी, आणि झाड लॉरेल नाहीतर देवदार. म्हणजे तुम्ही कोणत्या प्रकारचं लिहिताय हे कवितेत कोणतं झाड आलं यावरून कळावं! मेंढपाळाच्या गाण्यात देवदार आला की प्रकार चुकला. हसू येतं खरं, पण साहित्याचे प्रकार आणि समाजाच्या पायऱ्या एकमेकींना किती चिकटून असतात हे इतकं उघडपणे क्वचितच कोणी चितारलं असेल. राजाला ट्रॅजेडी, नोकराला कॉमेडी, हा नियम युरोपात अठराव्या शतकापर्यंत टिकला.

'पोएटिक्स' मध्ययुगीन युरोपला फारसं ठाऊक नव्हतं. १४९८ मध्ये त्याचा नवा लॅटिन अनुवाद छापला गेला, १५०८ मध्ये मूळ ग्रीक छापलं गेलं, आणि मग भाष्यांचा पूर आला. टिपणांचा कायदा झाला. ॲरिस्टॉटलने कथानक एकसंध असावं एवढाच आग्रह धरला होता. ट्रॅजेडी साधारण सूर्याच्या एका फेरीत बसवायचा प्रयत्न करते, हे त्याचं नुसतं निरीक्षण होतं, आणि स्थळाबद्दल तर त्याने नियमच केला नव्हता. १५७० मध्ये कास्तेलवेत्रो या इटालियन भाष्यकाराने त्यातून काल, स्थल आणि कृती अशी तिहेरी एकता उभी केली. मग १६३७ मध्ये पॅरिसमध्ये कॉर्नेयचं 'ल सीद' रंगमंचावर आलं. नायक प्रेयसीच्या बापाला द्वंद्वयुद्धात मारतो, मूरांशी लढाई जिंकतो, आणि राजा त्याच प्रेयसीशी त्याचं लग्न ठरवतो, हे सगळं चोवीस तासांच्या आत. प्रेक्षक खूश, पंडित खवळले. प्रकरण पंतप्रधान रिशलिअपर्यंत गेलं आणि नव्यानेच स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीला नाटकाचा न्यायनिवाडा करावा लागला. मला आवडतो तो पुढचा तपशील: कॉर्नेयने आधी या नाटकाला 'ट्रॅजी-कॉमेडी' म्हटलं होतं, १६४८ च्या आवृत्तीपासून त्याला 'ट्रॅजेडी' म्हणायला सुरुवात केली. लेबल बदललं आणि नाटक प्रतिष्ठित झालं.

इंग्लंडात हा गोंधळ जास्त मोकळेपणाने चालला होता. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ मध्ये, त्याच्या सोबतच्या नटांनी ३६ नाटकांचा थोरला ग्रंथ काढला आणि आत तीन कप्पे केले: कॉमेडी, इतिहास, ट्रॅजेडी. इतिहास हा कप्पा ॲरिस्टॉटलला मुळीच मान्य झाला नसता. या कप्प्यांत न मावलेलं एक नाटक बघा, 'ट्रॉयलस अँड क्रेसिडा'. १६०९ च्या सुट्या पुस्तकावर त्याला 'हिस्टरी' म्हटलंय. त्याच पुस्तकाच्या काही प्रतींतल्या प्रस्तावनेत त्याची कॉमेडी म्हणून तारीफ केली आहे. १६२३ च्या ग्रंथात नाटकाच्या डोक्यावर छापलंय 'ट्रॅजेडी'. आणि त्याच ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत ते नाहीच. इतिहास संपून ट्रॅजेडी सुरू होतात तिथल्या फटीत ते बसवून दिलंय. आमच्या वाचनालयात अशी पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी ठेवतात. शेक्सपिअरला या प्रकाराची मजा आधीच कळली होती. 'हॅम्लेट'मधला वाचाळ पोलोनियस नाटकमंडळीची जाहिरात करताना ट्रॅजेडी, कॉमेडी, इतिहास, गोपनाट्य अशी नावं घेता घेता त्यांच्या जोडाक्षरांसारख्या जोड्या करत जातो आणि शेवटी चारही एकाच शब्दात कोंबतो.

आता मूळ प्रश्न. गाणं तिसऱ्या खुर्चीवर बसलं केव्हा? सोळाव्या शतकातल्या काही इटालियन भाष्यकारांनी तसा प्रयत्न केला होता, पण निर्णायक हालचाल १७४६ ची. फ्रेंच पाद्री शार्ल बात्तो याला सगळ्या कलांना एकच तत्त्व लावायचं होतं, ते म्हणजे अनुकृती. मग भावकाव्याचं काय? तो म्हणाला, तेही अनुकृतीच, कृतीची नसली तरी भावनांची. झालं, गाणं ॲरिस्टॉटलच्या घरात मागच्या दाराने आलं. त्याच्याच जर्मन अनुवादकाने, योहान ॲडॉल्फ श्लेगेलने, हरकत घेतली: कवीला खरोखरच वाटत असेल तर ती अनुकृती कशी? हरकत बिनतोड होती. पण तोवर त्रयी जमली होती आणि हरकत पटली तरी त्रयी कोणी मोडली नाही.

तिला सुंदर रूप दिलं जर्मन कवी गटेने. १८१९ मध्ये, फारसी कवी हाफिजच्या छायेत लिहिलेल्या आपल्या संग्रहाच्या टिपणांत त्याने आधी प्रचलित काव्यप्रकारांची यादी दिली. रूपक, बॅलड (कथा सांगणारं गीत), विलापिका, पत्रकाव्य, बोधकथा, उपहास, कादंबरी अशी सगळी वर्णानुक्रमे. आणि मग बोट ठेवलं: यातल्या काहींना नाव पडलंय ते बाह्य खुणेवरून, काहींना विषयावरून, आणि मोजक्यांनाच खऱ्या रूपावरून. हे वाचून मला पुस्तकाच्या दुकानातल्या पाट्या आठवतात. कवितासंग्रह (रूप), ऐतिहासिक (काळ), भयकथा (वाचकाचं काय होतं ते), बालसाहित्य (वाचक कोण ते), अनुवादित (पुस्तक आलं कुठून ते). पाच पाट्या, पाच वेगवेगळे निकष, आणि मुलांसाठी अनुवादित केलेली ऐतिहासिक भयकथा आली की दुकानदार डोकं खाजवतो.

गटेने तोडगा असा काढला की या गर्दीखाली काव्याची 'नैसर्गिक रूपं' तीनच आहेत: स्पष्टपणे सांगणारं, उत्कटतेने उचंबळणारं, आणि पात्रांतून कृती करणारं. त्याचा शहाणपणा पुढच्या वाक्यांत दिसतो. ही तीन रूपं एखाद्या लहानशा कवितेतही एकत्र नांदू शकतात, असं तो म्हणतो. दोन वर्षांनी बॅलडबद्दल लिहिताना त्याने अंड्याची उपमा दिली: जणू जिवंत मूळ अंडं, ज्यात तिन्ही अजून वेगळी झालेली नाहीत. आपले कीर्तनकार पुन्हा आठवा. सांगून झालं, सोंग झालं, आणि मग टाळांच्या साथीत अभंग येतो.

गटेनंतरच्या तत्त्ववेत्त्यांना मात्र तीन हा आकडा भलताच मानवला. हेगेलने महाकाव्य म्हणजे वस्तुनिष्ठ, भावकाव्य म्हणजे आत्मनिष्ठ आणि नाटक म्हणजे दोघांचा समन्वय अशी शिडी लावली. फ्रेंच लेखक ह्यूगोने १८२७ मध्ये क्रमच बदलला: आदिम मानव गातो, प्राचीन सांगतो, आधुनिक नाटक करतो. कोणी त्यांना भूत, वर्तमान, भविष्य असे काळ वाटून दिले. प्रत्येकाची वाटणी वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच निसर्गसिद्ध वाटत होती. माझं प्रामाणिक मत: या टप्प्यावर साहित्याबद्दल फारसं काही कळत नाही, तत्त्ववेत्त्यांबद्दल मात्र बरंच कळतं.

आणि हे सगळं चालू असताना दाराशी कादंबरी उभी होती. गद्यात, लांबलचक, सामान्य माणसांबद्दल. १७४२ मध्ये हेन्री फील्डिंगला आपल्या कादंबरीची ओळख करून देताना 'गद्यातलं विनोदी महाकाव्य' असा जुनाच वंश सांगावा लागला. म्हणजे नीट पाहिलं तर तो तिला ॲरिस्टॉटलच्या ओसाड चौथ्या घरात राहायला पाठवत होता. या प्रकाराचं नाव ठेवतानाही प्रत्येक भाषेचा काहीतरी अपघात झालेला दिसतो. इंग्रजीत 'नॉव्हेल', म्हणजे नवीन गोष्ट. फ्रेंच-जर्मनमध्ये 'रोमान', म्हणजे लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत लिहिलेलं. आणि मराठीत? सातव्या शतकात बाणभट्टाने एका संस्कृत गद्यकाव्यात जिला नायिका केलं, त्या मुलीचं नाव. तेच त्या ग्रंथाचं नाव, आणि तेच पुढे मराठीत अख्ख्या प्रकाराचं नाव झालं. एका पुस्तकावरून सगळ्या जातीचं बारसं! आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलंय की 'कादंबरी' हे माणसाचं नाव आहे हे सांगितल्याशिवाय आठवत नाही.

आता जेनेतचा मुद्दा नेमकेपणाने सांगता येतो. त्याचं म्हणणं असं की दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीत बांधल्या गेल्या. एक म्हणजे बोलण्याची तऱ्हा: कवी स्वतः बोलतो, पात्रं बोलतात, की दोन्ही. ही भाषेची सोय आहे. कोणत्याही काळात, कोणत्याही माणसाला ती उपलब्ध असते. रस्त्यावरचं भांडण घरी येऊन सांगताना आपणही "मग तो म्हणतो कसा" म्हणून सोंग घेतोच. दुसरी म्हणजे साहित्यप्रकार: ट्रॅजेडी, महाकाव्य, सुनीत, कादंबरी. हे इतिहासात जन्मतात, विशिष्ट गावात वाढतात, मरतातही. सांगणं कायमचं आहे, महाकाव्य नाही. तऱ्हेचं सनातनपण प्रकाराला चिकटवलं, वर ॲरिस्टॉटलचा शिक्का मारला, आणि माझ्यासारख्यांनी ते उत्तरपत्रिकेत उतरवलं.

मग वर्गीकरण सोडूनच द्यायचं का? १९०२ मध्ये बेनेदेत्तो क्रोचे या इटालियन तत्त्ववेत्त्याने जवळजवळ तसंच सांगितलं. प्रत्येक कलाकृती एकटी, तिच्यासारखी तीच. गटवारी सोयीची आहे हे त्याला मान्य होतं. गटांचे नियम काढायला त्याचा विरोध होता. उद्या कोणी 'अ' फळीचे आणि 'ब' फळीचे साहित्यिक नियम शोधायला बसलं तर तुम्ही काय म्हणाल, असं तो विचारतो. तरी त्याचं पूर्ण ऐकावंसं मला वाटत नाही. मुखपृष्ठावर 'रहस्यकथा' वाचलं की आपण पहिल्या पानापासून प्रत्येकाकडे संशयाने बघतो. तीच गोष्ट 'आत्मचरित्र' म्हणून हातात आली तर शेजारच्या काकांवर संशय घेत नाही. शब्द तेच असतील, वाचन बदलतं. फळीवरच्या चिठ्ठीचा परिणाम पुस्तकाच्या आत होतो. नॉर्थ्रॉप फ्राय या कॅनेडियन समीक्षकाने १९५७ मध्ये कॉमेडी वसंताची, रोमान्स (साहसाची अद्भुतकथा) उन्हाळ्याचा, ट्रॅजेडी शरदाची आणि उपहास हिवाळ्याचा असं ऋतुचक्र मांडलं. त्याच्या हिशोबात ट्रॅजेडी ही नाटकापुरती नाही, ती कादंबरीतही असते, कारण ती कथेची एक चाल आहे. पटो न पटो, तऱ्हा आणि प्रकार यांच्या खालीही काहीतरी आहे, एवढं तो सुचवून जातो. अर्थात पावसाळा नसलेलं चक्र आपल्याकडे किती चालेल, हा भाग वेगळा.

ॲरिस्टॉटलचं एक वाक्य मात्र मी त्या उत्तरपत्रिकेत लिहायला हवं होतं. 'पोएटिक्स'च्या पहिल्याच प्रकरणात तो म्हणतो की नुसत्या शब्दांनी, संगीताशिवाय अनुकृती करणारी एक कला आहे आणि तिला आजवर नावच नाही. त्याच्यापुढे तेव्हा सोफ्रॉनची छोटी प्रहसनं होती आणि सॉक्रेटिसचे संवाद होते. म्हणजे त्याच्या गुरूने, प्लेटोने, ज्या प्रकारात सगळं आयुष्य लिहिलं तो प्रकार. कवींना तेल लावून हाकलणारा प्लेटो स्वतः पानामागून पान सॉक्रेटिसचं सोंग घेऊन बोलत होता, आणि शिष्याला ते कोणत्या घरात ठेवावं कळत नव्हतं.

त्या रविवारी आमचं ज्ञानेश्वरीचं काही ठरलं नाही. ती दिवसभर टेबलावरच राहिली. संध्याकाळी ग्रंथपालबाई आल्या, त्यांनी आमचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि रजिस्टर उघडून पाहिलं. वाचनालयात ज्ञानेश्वरीच्या दोन प्रती होत्या. एकीवर त्यांनी २९४ ची चिठ्ठी लावली, दुसरीवर ८९१.४६१ ची. बारावीतला मुलगा म्हणाला, "तिसरी असती तर?" त्या म्हणाल्या, "डिंक संपलाय. दिवे बंद कर आधी."